चिटरकोमचं चर्च आणि तिसरा रविवार

मी, हेस्टर लुईसा टायली, वय त्र्याहत्तर, अविवाहित, राहणार कॅनल रोड, मार्टनब्रिज, विल्टशर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीसाठी ते लागत नाहीत.

१. घर नगर कौन्सिलचं, भाड्याचं आहे, ते कौन्सिलला परत जाईल. शिलाई मशीन आणि चिनीमातीची भांडी शेजारीण ओलिव्ह पर्डी हिला द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बँकेतली सगळी शिल्लक चिटरकोमच्या सेंट ऑस्मंड चर्चच्या छपरासाठी. हे माझं गाव लष्कराच्या ताब्यात आहे. घरं तोफांच्या सरावात पडली, चर्च तेवढं उभं आहे. त्याचा बुरूज नॉर्मन राजांच्या काळातला. तीनशे वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात सैनिकांनी आत घोडे बांधले, रंगीत काचा फोडल्या. पण ते निघून तरी गेले. १९४३च्या डिसेंबरात आलेले अजून गेलेले नाहीत. लढाई संपली की गाव परत देऊ, असं चर्चच्या दारात उभं राहून सांगणाऱ्या मेजरसाहेबांना मी काहीही ठेवत नाही.

३. त्या डिसेंबरात वॉल्टर गिडिंग्ज या मेंढपाळाशी माझं लग्न ठरलं होतं. कुणाची हरकत असेल तर कळावी, म्हणून लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचली जातात. दोनदा वाचून झाली. तिसऱ्या रविवारी, गाव रिकामं करायचा लष्कराचा हुकूम आल्यामुळे, आम्ही सामान ट्रकवर चढवत होतो.

वॉल्टर म्हणाला, मार्टनब्रिजच्या चर्चमध्ये उरकून घेऊ. पण माझी आई, आजी, पणजी सेंट ऑस्मंडमध्येच लग्नाला उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, थांबू या. तो सहा वर्षं थांबला. मग एक दिवस फाटकाशी उभा राहून शांतपणे म्हणाला, "हेस्टर, तुला लग्न माझ्याशी करायचंय, की त्या भिंतींशी?"

पुढच्या वसंतात त्याने बेकरीतल्या मुलीशी लग्न केलं. चांगली बाई होती; गेल्या वर्षी वारली. आमच्या चर्चची मधली घंटा मार्टनब्रिजला आणून टांगली होती. त्यांच्या लग्नात तीच वाजली. मी खिडकी बंद केली नाही.

४. मला चिटरकोमला आईवडिलांशेजारी पुरावं. लष्कराची परवानगी पाद्रीसाहेबांनी मिळवावी. ते "बघू" म्हणाले आहेत, तेवढ्यावर ओलिव्हने त्यांना सोडू नये. प्रार्थना चर्चच्या आत व्हावी, कितीही थंडी असली तरी.

५. वॉल्टरला कळवावं. आग्रह करू नये. आला तर पहिल्या बाकावर बसवावं. तिथे घरची माणसं बसतात, आणि मला दुसरं कोणी नाही.

सही: हेस्टर लुईसा टायली

मी दोघांच्या देखत सही केली, त्यांनी माझ्या देखत:
हॅरल्ड स्पेन्सली, पोस्टमन
जून अ‍ॅटवूड, परिचारिका

मार्टनब्रिज, ९ नोव्हेंबर १९८४