न्हायचे सात गुण

सोलापूर,
१६ फेब्रुवारी

प्रिय भीमा,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी कशा बोलतो ते तुला ठाऊक आहे. "तू कशी आहेस?" "मी छान आहे, तुझी प्रकृती काय म्हणते?" आकाशवाणीवर बसल्यासारखं. गेले दोन दिवस मी इतकी चिडलेली आहे की तसलं बोलणं मला सोसणार नाही. ह्यांच्यावर ओरडून झालं, धुणंवालीवर विनाकारण ओरडून झालं, आता कागद उरला आहे. तू माढ्यात अंगणात खुर्ची टाकून सावकाश वाच. तू पाठवलेला हुरडा मिळाला, कोवळा होता, शेंगाचटणीबरोबर खाल्ला. रागातही भूक लागते मला, हे तू हॉस्टेलपासून बघितलंयस.

या महिन्याच्या अठ्ठावीसला मी शाळेतून निवृत्त होतेय. तीस वर्षं मी मुलांकडून वक्तृत्व करून घेतलं. भाषण लिहून द्यायचं, पाठ करून घ्यायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, शेवटच्या रांगेकडे कधी बघायचं, सगळं कंसात लिहून द्यायचं. चुकलं की दुसऱ्या रांगेत बसून मी पेनाने बाकावर टक् करायची. एकदा एका मुलाने भर सभागृहात "आणि म्हणूनच बंधू-भगिनींनो, इथे उजवा हात वर, दोन सेकंद थांबणे" असं खणखणीत म्हणून दाखवलं. कंसातलंही त्याने पाठ केलं होतं. हात मात्र खालीच. लोक पोट धरून हसले आणि मी त्याला दुसरा नंबर दिला, कारण त्याचे उच्चार स्वच्छ होते. ही गोष्ट मी तुला हसत सांगितली होती. आता आठवली की हसू येत नाही.

परवा शनिवारी आमच्या शिक्षण मंडळाची जिल्हास्तरीय स्पर्धा झाली. मी मुख्य परीक्षक. सतरा वर्षं मीच आहे. विषय होता 'नकार देण्याचं धैर्य'. सव्वीस मुलं बोलली आणि त्यातल्या अकरा जणांनी सुरुवात केली, "नकार हा केवळ एक शब्द नसून ती एक शक्ती आहे." अकरा जणांनी, भीमा. शाळा वेगळ्या, तालुके वेगळे, वाक्य तेच. मोबाईलला विषय सांगायचा, तो भाषण देतो, आई ते छापून आणते, बाई पाठ करून घेतात. सातव्या मुलानंतर मी पेन खाली ठेवलं. शेजारी मृत्युंजय सर होते, आमच्या मंडळाचे सचिव, सज्जन माणूस. ते हळूच म्हणाले, "बाई, चांगलंय की, आता तुम्हाला लिहून द्यायला नको." त्यांनी मस्करी केली होती, पण मला ती झोंबली. मोबाईल जे आज करतो तेच मी तीस वर्षं हाताने करत होते, इतकाच फरक.

बाविसावी मुलगी आली ती मंगळवेढ्याच्या पलीकडच्या खेड्यातली. पहाटेची एसटी धरून आलेली, नववीतली, नाव संस्कृती. वेणीला रिबन, पायात पावसाळी चपला. हातात कागद नाही. तिने "सन्माननीय व्यासपीठ" म्हटलं नाही, कुणाला वंदन केलं नाही. ती म्हणाली, "माझ्या ताईला बघायला आले तेव्हा ताई दहावीत होती." मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की पहिल्याच वाक्यात माणसाला घरात घ्या, ओट्यावर ताटकळत ठेवू नका. मला स्वतःला ते कधी जमलं नाही. या पोरीला कुणी सांगितलंही नसेल.

भाषण एवढंच होतं. पाहुणे बसलेत, आईने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभी राहिली. मामा म्हणाले, मुलगा कारखान्यात कायम आहे. आई म्हणाली, न्हाय. आत्या म्हणाली, त्यांची काही मागणी नाही. आई म्हणाली, न्हाय. आजोबा म्हणाले, दहावीची परीक्षा सासरहून देईल. न्हाय. असे सात जण बोलले आणि सात वेळा आई तेवढंच म्हणाली. कारण दिलं नाही, रडली नाही, आवाज चढवला नाही. पोरगी प्रत्येक वेळी तो शब्द निराळा म्हणत होती. पहिला घाबरलेला, तिसरा जरा चिडका, सातवा इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. मग ती म्हणाली, "पाहुणे गेल्यावर आईने गार झालेला चहा पुन्हा तापवला आणि आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. ताई आता सोलापुरात नर्सिंग करते." नमस्कार करून खाली उतरली. टाळ्या वाजायला वेळ लागला, लोकांना कळलंच नाही की संपलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्याच वेळी माझा हात काय करत होता सांगू? उच्चारांच्या रकान्यात टिंबं देत होता. 'न्हाय' म्हटलं, एक टिंब. पुन्हा म्हटलं, दुसरं टिंब. सात टिंबं. एका अशुद्ध उच्चाराला एक गुण वजा, हा नियम मीच केलेला, तो रकानाही फक्त मुख्य परीक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे. बाकी सबंध भाषणात त्या मुलीचा एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. 'म्हणाली' तिने 'म्हणाली'च म्हटलं, 'णा'चा 'ना' केला नाही. मी बेरीज केली, सही केली, कागद दिला. पहिल्या आलेल्या मुलात आणि तिच्यात पाच गुणांचं अंतर पडलं. ती चौथी आली. पुढच्या फेरीला पुण्याला पहिले तिघेच जातात. ते तिघंही त्या अकरा जणांपैकी आहेत.

निकालानंतर ती जिन्यापाशी मला भेटली. रडत नव्हती. वहीचं पान उघडून पेन घेऊन उभी होती, कुठे चुकलं ते लिहून घ्यायला. मी म्हटलं, बाळ, सगळं छान होतं, फक्त 'न्हाय' म्हणायचं नसतं, 'नाही' म्हणायचं. तिने लिहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "पर बाई, आई न्हायच म्हनली हुती की. मी नाही म्हनले असते तर ते खोटं झालं असतं." बघ, मंचावर जिचा एक शब्द चुकला नव्हता ती जिन्यात कशी बोलत होती ते. म्हणजे तिला दोन्ही येत होतं. तिने तो एक शब्द निवडून, राखून ठेवला होता आणि मी त्याचेच गुण कापले. भाषणं शिकवणारी बाई मी, भीमा, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पुढच्या वर्षी भाग घेशील ना? तिने वही मिटली आणि म्हणाली, "नाही, बाई." अगदी स्वच्छ. मी रकान्यात पूर्ण गुण दिले असते असं.

आज सकाळी शाळा भरायच्या आधी मंडळाच्या कार्यालयात गेले. मृत्युंजय सरांना म्हटलं, निकाल बदला, चूक माझी आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, नियम तुमचा, रकाना तुमचा, सही तुमची. नावं पुण्याला गेली. आता बदललं तर उद्या तीन घरचे पालक दारात येतील, त्यांना काय सांगू, बाईंना रडू आलं म्हणून?" बरोबर होतं त्यांचं, म्हणून जास्त राग आला. मग म्हणाले, रविवारी बक्षीस समारंभ आहेच, तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आहे, तुमचा निवृत्तीचा सत्कारही तेव्हाच ठेवलाय, परीक्षकांचं मनोगत तुम्हीच करायचंय, तेव्हा दोन शब्द बोला तिच्याबद्दल. तुम्हाला काय, भाषण म्हणजे हातचा मळ.

हातचा मळ म्हणे. दुपारपासून बसलेय, सहा कागद फाडले. काय सांगायचं ते पक्कं आहे: ही मुलगी पहिली होती, तिला चौथी मी केली, आणि तो रकाना मी जायच्या आधी काढून टाका. एवढंच. पण कागदावर पेन टेकलं की "सन्माननीय व्यासपीठ" उमटतं. सहाही वेळा असंच झालं. मग ठरवलं, कागद नकोच, आपल्या बोलीत बोलायचं. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ते बरोबर न्हाय." माझं मलाच कसंतरी झालं. स्नेहसंमेलनात मुलं धोतर नेसून, मिशा काढून गावकरी होतात ना, तसा आला तो शब्द. नक्कल केल्यासारखा. पुन्हा म्हटला, पुन्हा तसाच. माढ्याच्या मातीत वाढलेली मी, अठरा वर्षं त्या शब्दाशिवाय मी कुणाला नकार दिला नव्हता, आणि आता तो मला म्हणता येत नाही. ह्यांनी दारातून विचारलं, कुणाशी बोलतेयस. मी दार लावून घेतलं.

आता जे लिहितेय ते चाळीस वर्षं लिहायचं राहिलं आहे. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचं गॅदरिंग. तू आपल्या खोलीत हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगायचीस, रेक्टरबाई दाराशी येऊन ऐकत उभ्या राहायच्या. मीच तुझं नाव दिलं होतं, मीच तुला मंचावर ढकललं होतं. तू सुरू केलंस, "आमची म्हस कुटं बी गावंना," आणि पहिल्या रांगेतल्या शहरातल्या मुली खिदळल्या. गोष्टीला कुणी हसत नव्हतं, 'कुटं'ला हसत होत्या. मी दुसऱ्या रांगेत होते. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी पण हसले, भीमा. तोंडावर हात ठेवून हसले. त्या मुलींनी मला आपल्यातली समजावं म्हणून हसले. तुला वाटलं असेल की मला कळलं नाही तू बघितलंस ते. मला त्याच क्षणी कळलं होतं. तू गोष्ट तिथेच सोडून खाली उतरलीस. संध्याकाळी खोलीत मी विचारलं, जेवायला येतेस? तू म्हणालीस, "नाही. मला भूक नाही." त्या दिवसापासून तू माझ्याशी पुस्तकातलं बोलतेस. नवऱ्याशी, पोरांशी, तुझ्या शाळेतल्या लेकरांशी तू आपलं बोलतेस, मी ऐकलंय. माझ्याशी तेवढं नाही. 'इजे' म्हणायचीस, ते 'विजयमाला' झालं. तुला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा मंचावर तू "धन्यवाद" एवढंच म्हणून उतरलीस, आणि टाळ्या वाजवताना माझे हात जड झाले होते. मी कधी काही बोलले नाही, तूही बोलली नाहीस. आणि मी काय केलं, तर सोलापुरात बसून रकाना आखला, सगळ्या जिल्ह्यातल्या 'कुटं' आणि 'न्हाय'वर टिंबं द्यायला. मला माझी लाज वाटते.

रविवारी बावीस तारखेला, सकाळी दहाला, मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. ती मुलगी येणार आहे, तिच्या आईलाही आणायला मी तिच्या बाईंना निरोप दिलाय. तू ये. माढ्याहून सातची एसटी धरलीस तरी आरामात पोचशील. दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवते, आणि माझं पेन तुझ्याकडे देते. मी जिथे खोटं बोलायला लागेन तिथे टक् कर. बोलायच्या आधी दहा मिनिटं मला तुझ्याजवळ बसायचंय, तुझ्या तोंडून आपलं बोलणं ऐकायचंय, म्हशीचं सांग, काहीही सांग, म्हणजे मंचावर ते माझ्या तोंडून नकलेसारखं येणार नाही. आणि तुझी माफीही मला आपल्या बोलीतच मागायची आहे, ती या कागदावर मागता येत नाही. एवढ्यासाठी हे पत्र. तुझा राग अजून गेला नसेल आणि यायचं नसेल, तर एका शब्दाचं पोस्टकार्ड टाक. मी समजून घेईन. पण तो शब्द 'नाही' असा लिहू नकोस.

तुझीच,
इजी