होबर्टची पळी आणि लोखंडी मेंढे

३ ऑगस्ट १९८६, रविवार. चर्चहून आल्यावर.

ओपलीन, चष्मा कपाळावर आहे. पर्स उलटी करू नकोस. मागची वही तू कुठे ठेवलीस ते तुला आठवत नाही, म्हणून आजपासून ही नवी. रोजनिशी माझी आहे, माझ्यासाठी आहे. पण अक्षरांची आणि माझी कधी ओळख झाली नाही, तेव्हा लिहिणार तू आणि वाचून दाखवणारही तूच. शेजारीण असण्याचा एवढा तरी उपयोग हवा. आपल्या मनाचं काही घालू नकोस.

आज मुलगा अर्लिस लेक्सिंग्टनहून आला, बायकोला, पॉलेटला घेऊन. जेवताना विषय काढला. म्हणाला, आई, बाबा जाऊन सहा महिने झाले, तू या डोंगरात एकटी राहू शकत नाहीस. बाबांचं रिव्हॉल्व्हर, काडतुसं भरायचा तो प्रेस, साचे, सगळं विकू. तू आमच्याकडे चल.

मी म्हणाले, मला वेळ नाही. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला नेमबाजीची स्पर्धा आहे, तीत उतरायचंय. तुझ्या बापाच्या रिव्हॉल्व्हरने, त्याच्या रेसिपीच्या काडतुसांनी.

अर्लिस इतका हसला की घास नाकात गेला. मग म्हणाला, बरं, पाचातले तीन मेंढे पाड. पाडलेस तर पुन्हा लेक्सिंग्टनचं नाव काढणार नाही. नाही पाडलेस तर मुकाट्याने सामान बांधायचं. मी म्हणाले, कबूल. पॉलेट साक्षीदार, ओपलीन साक्षीदार.

तीनच मेंढे. माझा नवरा होबर्ट पाचही पाडायचा. सलग सात वर्षं पहिला आला. दोनशे यार्डांवर लोखंडी मेंढा रुळावर उभा, नुसता लागून उपयोग नाही, आडवा झाला तरच धरतात. आमच्याच खोऱ्यातला क्लोविस बेगली सातही वर्षं दुसरा. तोंड बघण्यासारखं असायचं त्याचं.

निश्चय: उद्या पहाटेपासून काडतुसं भरायला सुरुवात.

६ ऑगस्ट, बुधवार.

सोमवारी शेंगा आल्या, त्या मोडाव्या लागल्या. काल गुडघा. आज बसले.

चाळीस वर्षं त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून मी शेंगा सोलल्या आहेत. रेसिपी तोंडपाठ आहे. पितळी पुंगळी पुसायची. बुडाला टोपी बसवायची. तारेच्या दांड्याची ती छोटी पळी बारूदीने भरायची, वरून पुठ्ठ्याने सपाट करायची. गोळी ठेवायची. प्रेसचा दांडा खाली. टेबलावर बारूदीचा एकच डबा, दुसरा कधी नाही. झालं.

ओपलीन म्हणाली, शेल्फवर जाडजूड छापील पुस्तक आहे, कुठल्या गोळीला किती बारूद ते त्यात असतं, वाचून दाखवू का? मी म्हटलं, जिला ग्रेव्ही करायला पुस्तक लागतं तिने ग्रेव्ही करू नये. तिने पुस्तक परत ठेवलं. तिची ग्रेव्ही मी खाल्ली आहे. (हे लिही, ओपलीन.)

पन्नास काडतुसं तयार. होबर्टच्याच रिकाम्या खोक्यात लावून ठेवली. त्याच्यात आणि माझ्यात फरक सांगता येणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. दुपारी.

फरक आहे.

घरामागच्या कड्याला जुन्या स्टोव्हचं दार टेकवलं आणि नेम धरला. बारा बार छान गेले. धक्का असा मऊ की मीच चकित. होबर्ट उगाच मनगट चोळत बसायचा. तेराव्याला आवाज आला तो नुसता टुक. दाराला काही लागलं नाही. नळीतून पलीकडचं दिसेना. गोळी मध्येच अडकलेली.

म्हणजे त्या पुंगळीत बारूद घातलीच नव्हती. घालणार होते, तेवढ्यात ओपलीन आली आणि चर्चच्या डीकन एस्टिलच्या सुनेने केस कसे कापलेत ते सांगत बसली. दोष कुणाचा ते मी बोलत नाही. ओपलीन म्हणते, बोल ना. तर बोलते. तुझा.

आणखी एकदा चाप ओढला असता तर हात राहिला नसता, असंही ओपलीन म्हणते. तिला अतिशयोक्तीची सवय आहे. पण नाही ओढला.

नळीतून गोळी काढण्याची सळई अख्ख्या खोऱ्यात एकाकडेच आहे. क्लोविसकडे. मी जाणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार.

गेले.

क्लोविसने पोर्चमध्ये बसून लाकडी सळईने हळूहळू ठोकून गोळी बाहेर काढली. हसला नाही. त्याचाच जास्त राग आला. मग माझी उरलेली काडतुसं मागितली, एक उघडून बारूद तळहातावर ओतली आणि म्हणाला, "एल्व्हा, एवढीच घालतेस?"

मी म्हटलं, होबर्टच्याच पळीने, काठोकाठ.

तो म्हणाला, "पुस्तकात बघ. हे फार कमी आहे. पुस्तकात दिलंय तिथपर्यंत तरी ने."

पुस्तकात बघ! मला! पन्नास वर्षं ओळखतो आणि मला पुस्तकात बघ म्हणतो. मी रिव्हॉल्व्हर उचललं आणि निघाले. कळलं मला. सात वर्षं हरला, म्हणून आता बाईला रेसिपी बिघडवायला लावतोय. त्याच्या हातावर बारूद तशीच राहिली. आभार मानायचे राहिले. राहू देत.

निश्चय: एकेक काडतूस कानाशी हलवून बघायचं. आत खुळखुळलं तर ठीक. ओपलीनला दार बंद.

१६ ऑगस्ट, शनिवार.

आज झोपून नेम धरण्याचा सराव. स्पर्धेत सगळेच पाठीवर पडून, पाय दुमडून, मांडीशेजारी नळी टेकवून मारतात. होबर्ट आडवा व्हायचा तेव्हा मला कुरणात लोळणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा दिसायचा. होबर्टचा डगला आणि विजार घालून मी अंगणात आडवी झाले. नेम उत्तम. सहातले पाच स्टोव्हच्या दाराला.

उठता येईना.

पाऊण तास आभाळ बघत होते. टपालवाला आला, त्याने आधी टोपी काढली. त्याला वाटलं मी गेले. मी म्हटलं, पत्र ठेव आणि हात दे.

पत्र पॉलेटचं. ओपलीनसाठी दार उघडावं लागलं, नाहीतर वाचणार कोण? लिहिलंय: खोली रंगवून झाली, पडदे पिवळे आवडतील की निळे?

रंगवून झाली. अजून पंधरा दिवस आहेत आणि रंगवून झाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

काही नाही. शेंगा. दुपारभर त्याच्या टेबलाशी बसले. काडतुसं मोजली नाहीत, नुसती बसले. खिडकीतून त्याची कबर दिसते. लेक्सिंग्टनच्या खिडकीतून काय दिसतं, ओपलीनला विचारलं. ती म्हणाली, पार्किंग.

पडद्यांचं उत्तर पाठवलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.

सापडला!

आज नेमबाजीच्या क्लबमध्ये मैदान साफ करायला सगळे जमले होते. मी लिंबू सरबत घेऊन गेले. बघते तर क्लोविस एकटाच लांब रुळापाशी, मेंढ्यांना रंग देऊन झालेला, आणि एक मेंढा रुळाच्या अगदी मागच्या कडेला ठेवून बघतोय. मागचे पाय अर्धे हवेत. बोटाने ढकलतो. पडतो. पुन्हा ठेवतो, थोडा पुढे. पुन्हा ढकलतो. आणि मेंढे उभे करण्याचं काम दर वर्षी त्याच्याचकडे!

म्हणजे स्वतःच्या पाळीला तो आपले मेंढे फुंकरीने पडतील असे ठेवणार, आणि माझे रोवून उभे करणार. ओपलीन म्हणाली, एल्व्हा, आधी त्यालाच विचार ना. मी म्हटलं, चोराला विचारायचं असतं का?

तिथल्या तिथे डीकन एस्टिलला गाठलं. पंचप्रमुख तोच. म्हटलं, यंदा क्लोविसला रुळाजवळ फिरकू देऊ नका. तुम्ही जातीने मेंढे लावा, प्रत्येक मेंढा बरोबर मधोमध, टेप लावून. सगळ्यांचे. डीकन म्हणाला, बहीण एल्व्हा, तक्रार गंभीर आहे. मी म्हटलं, मीही गंभीर आहे. त्याने ऐकलं.

क्लोविसला सांगितलं तेव्हा त्याने रंगाचा डबा बंद केला आणि घरी निघून गेला. अपराधी माणूस आणखी काय करणार?

खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.

पॉलेटचा फोन. पिवळेच लावले.

रात्री झोप लागत नाही. कॉफीमुळे. कॉफी बंद.

नंतर एक कप घेतला. कॉफी नसल्यामुळे झोप आणखीच उडाली होती.

३१ ऑगस्ट, रविवार.

वीस काडतुसं निवडली. पुसली. प्रत्येक कानाशी हलवलं. प्रार्थनेच्या वेळी बायकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मी सांगितलं नव्हतं. म्हणजे ओपलीनने सांगितलं. देवा, मला तीन दे. चौथा आणि पाचवा मला नको. मी कधी जास्त मागितलेलं नाही. हे घर सोडून दुसरीकडे मला उठता-बसता येणार नाही. तिथे भिंती कुठे आहेत तेच मला माहीत नाही. तीनच.

१ सप्टेंबर, सोमवार. लेबर डे.

डीकनने टेप लावून मेंढे ठेवले. मी दुर्बिणीतून बघितलं. मधोमध.

पहिला. लागला. चर्चच्या घंटेसारखा वाजला. उभा.

मी म्हटलं, वाऱ्याने असेल.

दुसरा. लागला. वाजला. उभा. माझ्याकडे बघतोय.

तिसरा चुकला. डोळ्यांत पाणी होतं. घाम.

चौथा. बरोबर खांद्यात. डुलला. पुढे-मागे डुलला, अख्खं मैदान ओरडलं, मीही ओरडले, पड, पड रे! उभा राहिला.

पाचवा. पोटात. वाजला.

पाचातले चार लागले. आजवर एवढा नेम क्लबमधल्या कुठल्याही बाईचा नाही, असं डीकन म्हणाला. पडले किती? शून्य.

क्लोविस तिकडे झाडाखाली पाठ करून उभा होता. हसत असेल, मला वाटलं.

अर्लिसने मला उठवलं, डगल्यावरची माती झटकली.  हसला असता तर बरं झालं असतं. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "छान मारलंस, आई."

३ सप्टेंबर, बुधवार.

क्लोविस आला. खुर्ची दिली तर पायरीवर बसला. मी म्हटलं, मजा बघायला आलास?

तो म्हणाला, "तुझा नेम त्याच्यापेक्षा चांगला आहे, एल्व्हा. काडतूस कमजोर होतं."

मी म्हटलं, होबर्टची रेसिपी आहे ती.

"हो, त्याचीच. त्याचं मनगट सात-आठ वर्षांपूर्वी गेलं. धक्का सोसेना. म्हणून दर हिवाळ्यात तो ती पळी कानशीने थोडी थोडी घासून लहान करायचा. तुला सांगायचा रेसिपी सुधारतोय. त्या बारूदीने कोंबडीसुद्धा दचकली नसती."

मग मेंढे पडायचे कसे, असं मी विचारलं.

"मी कडेला ठेवायचो," क्लोविस म्हणाला. "फक्त त्याचे."

मी म्हटलं, होबर्टला माहीत होतं?

"छे. उलट मला म्हणायचा, क्लोविस, रेसिपी हवी असेल तर लाजू नकोस, माग."

मी म्हटलं, तू पहिला आला असतास. सातही वर्षं.

तो म्हणाला, "मग काय करणार होतो? त्याला घरी बसवणार होतो?" मग टोपी गुडघ्यावर ठेवली. "यंदाही तसेच ठेवणार होतो. अंदाज घेत होतो, तुझ्या बारूदीला किती कड लागेल त्याचा. तेवढ्यात डीकन टेप घेऊन आला."

ओपलीन, हे लिहू नकोस.

ती लिहितेच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार. लेक्सिंग्टन. फोनवरून.

मोठ्याने बोल, ओपलीन, आणि रिसीव्हर मानेत धरून लिही, पेन्सिल पडल्याचा आवाज आला मला.

इथे मी पाहुणी आहे. वसंतापर्यंत. वसंतात मी परत येणार हे अर्लिसला माहीत आहे, फक्त तो ते बोलत नाही. पडदे पिवळे आहेत. मक्याच्या ब्रेडमध्ये पॉलेट साखर घालते, मी काही म्हटलं नाही, एवढंच म्हटलं की आमच्याकडे याला केक म्हणतात. खिडकीतून पार्किंग दिसतं. तू खरं सांगितलं होतंस. निदान एखादं खोटं बोलायचं होतं.

टेबल, प्रेस, साचे क्लोविसच्या शेडमध्ये गेले, असं कळलं. मी येईपर्यंत सांभाळतो म्हणाला. सांभाळू दे. त्याला दुसरं काम काय आहे?

त्याची माफी मागायचा प्रश्नच येत नाही. तक्रार नियमाला धरून होती. पण माझ्या माळ्यावर वाळवलेली सफरचंदं टांगलेली आहेत, ती उंदीर खाऊन टाकतील. तेवढ्यासाठी, आणि फक्त तेवढ्यासाठी, ती उतरव, शिजव आणि थरांचा केक कर. थर आठ हवेत, आपल्याकडे जितके थर तितका मान. कमी झाले तर त्याला वाटेल मी अजून रागावलेय. साखर घालू नकोस, काकवी घाल. दोन दिवस फडक्यात गुंडाळून मुरू दे, आणि मगच क्लोविसकडे पाठव.