दुसरा उतरतो तो मायेने

प्रिय काका,

पत्र बघून आधी खालची सही वाचली असशील आणि डोळे चोळून पुन्हा वाचली असशील. हो, मीच. दहा वर्षं तुझ्याशी एक अक्षर न बोललेली तुझी पुतणी. माझ्या दर निकालाला तुझा मेसेज यायचा, मी तो न वाचताच पुसून टाकायचे. इकडे शिकायला निघाले तेव्हा तू विमानतळावर खांबाआड उभा होतास. मी पाहिलं होतं तुला. पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि आईलाही त्या बाजूला वळू दिलं नाही. हट्टीपणात मी बाबांवर गेलेय म्हणतात सगळे, तेव्हा दोष कुणाला द्यायचा ते तूच ठरव.

गेल्या मंगळवारी आमच्या वर्गाची सहल होती. अन्नप्रक्रिया शिकणाऱ्या पोरांना नेऊन नेऊन कुठे नेणार, तर वाइनरीत. शहरापासून बसने दोन तास, उतारावर द्राक्षांच्या ओळी, मागे लांबलचक शेड. तोडणीचे दिवस होते. आत पाऊल टाकलं की बूट जमिनीला चिकटत होते आणि वास तर असा, की निम्मा वर्ग वासावरच झिंगल्याचं नाटक करत होता. माझ्याबरोबर आपलीच भाषा बोलणारे दोघे भाऊ होते. थोरला माझ्या वर्गातला. धाकटा एक वर्ष मागचा, पण सहल म्हटली की बिनबोलावता हजर. परमुलखात आम्ही तिघं एकाच स्वयंपाकघरात रांधून जेवायचो. धाकट्याला मी चष्मिस म्हणायचे आणि तो मला हेडबाई. घरातलं शेंडेफळ, त्यामुळे दिसेल तिथे डोकं घालायची सवय त्याला कुणी कधी मोडायला लावलीच नव्हती.

तळघरात जमिनीत उतरवलेल्या सिमेंटच्या टाक्या होत्या, दोन पुरुष खोल. मनगटापर्यंत जांभळे हात झालेला एक वयस्कर कामगार आम्हाला सगळं दाखवत होता. शेवटची टाकी सकाळीच रिकामी केली होती, तळाशी फक्त सालींचा चोथा उरला होता. रस आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड, रस काढून घेतला तरी तळाशी बसून राहतो, डोळ्यांना दिसत नाही, असं तो म्हणाला. त्याने तारेला बांधून मेणबत्ती आत सोडली. ती निम्म्यावरच विझली. पंखा लावून, मीटरने तपासून मगच आत उतरायचं, हा त्यांचा नियम. आणि मग नळाला पाणी यायची वेळ सांगावी इतक्या सहज तो म्हणाला, की अशा टाकीत पहिला माणूस उतरतो तो चुकून, दुसरा उतरतो तो मायेने, आणि बाहेर काढावं लागतं ते दोघांनाही.

बाकीचे चव घ्यायला पुढच्या खोलीत गेले. माझे पाय तिथून हलेनात. तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहू दे. कित्येक महिने झाकून ठेवलेली ती विहीर, खालचा पंप काढायला उतरलेले बाबा. दमल्यासारखे ते तळाशी बसले आणि कलंडले. तू वरून दोर सोडलास, माणसांना हाका मारल्यास, पण उतरला नाहीस. आई पदर खोचून धावली तर तिलाही दोन्ही हातांनी आवळून धरलंस. ती तुझ्या छातीवर बुक्के मारत होती. मी बारा वर्षांची, तुझ्या हाताला कडकडून चावले. आणि त्याच दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले, की काकाने बाबांना मरू दिलं, स्वतः उतरला नाही आणि आईलाही उतरू दिलं नाही. लहान पोरगी कशाला खोटं बोलेल, असं म्हणून लोकांनी ते उचलून धरलं. तुमचं पंपदुरुस्तीचं दुकान बंद पडलं आणि तू गाव सोडलंस.

त्या टाकीपाशी उभी राहून मी हे सगळं उलट्या बाजूने पाहत होते, आणि माझी वाट पाहत ते दोघे भाऊ थांबले होते. माझ्यासाठी थांबले होते, काका. चष्मिस टाकीत वाकला आणि त्याचा चष्मा खाली पडला. मी ओरडेपर्यंत तो लोखंडी शिडीवरून अर्धा उतरलाही होता. मेणबत्ती मेणाची असते हेडबाई, मी नाही, असं म्हणून हसला. तळाशी पोचला, चष्म्यासाठी वाकला आणि वाकलेला तसाच चोथ्यात पडला. थोरल्याने शिडीवर पाय टाकला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि कठड्यात पाय अडकवले. तो माझ्या दुप्पट. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, तरी मी सोडलं नाही. त्याने भावाला हाका मारल्या, मग मला शिव्या दिल्या, मग नुसता रडत गयावया करत राहिला, की सोड गं, तो माझा आहे. मी जिवाच्या आकांताने मदतीसाठी ओरडत होते. हवेची नळी आणि मुखवटा दुसऱ्या शेडमध्ये होता. तो येऊन धाकट्याला वर काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली.

चष्मिस तीन दिवस यंत्रावर होता. काल सकाळी गेला.

सर म्हणतात, मी एकाचा जीव वाचवला. शहाणी माणसं तसंच म्हणणार. थोरला मात्र मी स्वयंपाकघरात गेले की ताटावरून उठतो. वर्गातल्या दोघी जिन्यात कुजबुजत होत्या, की हिने धरून ठेवलं नसतं तर तो वाचला असता. हेच वाक्य मी स्वतः दहा वर्षं बोलत आलेय. त्या दिवशी तू आईला सोडलं असतंस तर मला आईही उरली नसती. तू उतरला असतास तर आईला धरायलाही कुणी उरलं नसतं, आणि तिघांना काढावं लागलं असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला कुणाचा तरी भाऊ मिठीत धरून ठेवावा लागला. काका, मी चुकले. फार वाईट चुकले. माझ्या जिभेने तुझं घर उठवलं.

पण नुसती माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. हाताने लिहून फोटो काढून पाठवतेय, कारण वेळ नाही. उद्या दुपारी दोन वाजता त्यांची आई इथे पोचतेय. थोरला तिच्यासमोर जायला तयार नाही, म्हणून तिला आणायला मी जाणार आहे. ती मला विचारेल, माझं लेकरू खाली पडलं होतं तेव्हा तू वर काय करत होतीस. बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी तू आमच्या दाराशी आला होतास, आईला काहीतरी सांगायला. आतून कडी मी लावली होती. आईला वाटलं तू आलाच नाहीस, ते तिला अजूनही तसंच वाटतंय. तू तेव्हा काय सांगणार होतास, काका? ते मला आज लिही. आणि शब्द तुलाही सापडले नसतील तर फोन कर, नुसता धरून बस, मी पलीकडे आहे.

तुझीच,
आगाऊ पुतणी