कलगीवाल्याच्या पागोट्यात तुरा

पुणे, फाल्गुन वद्य चतुर्थी

राजश्री श्रीधरपंत यांस श्रीनिवासाचा साष्टांग नमस्कार. परवा सरदार आप्पासाहेबांच्या वाड्याच्या चौकात, सगळ्या पेठेदेखत, हिंदुराव शाहिरांच्या पागोट्यात मी तुरा खोवला, त्या घटकेला माझे नशीब उलथले. पण आधी क्षेमकुशल. येथे सर्व कुशल आहे असे लिहिण्याचा रिवाज म्हणून लिहितो. खरे म्हणाल तर येथले कुशल आपण भाऊबीजेला सासवडास घेऊन गेलात ते अद्याप परत पाठवले नाही. आपले पित्त कसे आहे? मातोश्रींचे गुडघे? तीर्थरूप दिगंबरपंतांची प्रकृती विचारीत नाही. (आपले वडील म्हणून मान राखतो, माझे सासरे म्हणून लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही.) परवाच त्यांचा आवाज ऐकला, ठणठणीत आहे.

मी पाठशाळा अर्ध्यावर सोडली हे खरे. गुरुजी म्हणाले, तुझे पठण मांजरासारखे. मी म्हटले, मांजर निदान उंदीर तरी मारते. (असे म्हणायला नको होते, पण हे ध्यानात आले बोलून झाल्यावर.) तेथून जो निघालो तो हिंदुरावांच्या फडात शिरलो आणि त्यांच्या मागे उभा राहून तुणतुणे वाजवू लागलो. हा गृहस्थ हडपसरचा. चाळीस वर्षे डफ वाजवून उजव्या हाताची बोटे अशी वाकली आहेत की कढीची वाटी धरवत नाही, डफ मात्र सुटत नाही. त्यांची विरहाची लावणी ऐकून तोफखान्यातले गोलंदाज नाक ओढताना मी पाहिले आहेत. आपली बहीण वासंती घरी होती तेव्हा मला वाटे, एवढे रडण्यासारखे काय असते त्यात? संक्रांतीपर्यंत कळले. आता शाहिरांच्या आधी माझे तुणतुणेच रडू लागते, आणि त्यावरून बोलणी खातो. जाताना तिने मेतकूट करून ठेवले होते. ते मी चिमटीने खातो, श्रीधरपंत, आणि बरणी कधी तिरपी करून बघत नाही.

आपल्या वडिलांची अट आपण जाणताच: जावई पाठशाळेत परत गेला तर मुलगी पुण्यास येईल, एरवी नाही. ते आप्पासाहेबांच्या गावांचा हिशेब पाहतात, म्हणून मी आप्पासाहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, हिंदुरावांच्या चाळीस वर्षांच्या गाण्याचा शेलापागोटे देऊन सन्मान करणार आहोत. दिगंबरपंतांना बोलावतो, कलगी तुझ्या हातून खोववतो, चारचौघांत तुझी तारीफ करतो, मग बघू सासरा कसा अडवतो. शाहिरांत दोन पक्ष असतात. कलगीवाले म्हणतात शक्ती थोर, तुरेवाले म्हणतात शिव थोर, आणि एकमेकांची सावली पडली तरी अंग झटकतात. हिंदुराव कलगीचे, हाडाचे. कलगी आणण्याचे काम माझ्याकडे.

कलगी-तुरे गुंफणाऱ्या पटवेकऱ्याच्या दुकानाशी पोहोचलो आणि समोरून डाळिंबी लुगडे गेले. चाल हुबेहूब वासंतीची. माझे पाय माझे राहिले नाहीत. दोन गल्ल्या मागोमाग गेल्यावर लुगडे वळले आणि म्हणाले, "अहो, माझ्या धाकट्या नातीचंही लग्न झालं. आता आपण कुणासाठी येताय?" तोंड लपवीत दुकानाशी आलो, पटवेकऱ्याने पुढे केलेली पुरचुंडी घेतली आणि पळालो. त्याच्याकडे तुरेवाल्या गेनबा शाहिराचा तुराही तयार होता, हे तेव्हा कोणाला सुचणार?

चौकात मला पुढे बोलावले. वर चिकाच्या पडद्यामागे बायका बसल्या होत्या आणि तेथे बांगड्या वाजल्या. दिगंबरपंतांनी वासंतीला बरोबर आणले असेल, असे मी परस्पर ठरवले. (बांगड्या आप्पासाहेबांच्या विहीणबाईंच्या होत्या.) डोळे वर आणि हात पागोट्यावर. खोवून झाले तेव्हा विडा चघळणारे थांबून पागोट्यातल्या तुऱ्याकडे बघत होते. मग पाहुणा म्हणून आलेला गेनबा बोलला, "हिंदुराव, चाळीस वर्सं सवाल घालून आमचं घसं सुकलं. ह्ये पोरगं एका हातानं जिकलं की."

लोक हसले. माझे डोके फिरले. तुणतुणे त्याच्यापुढे असे आपटले की तार तुटून आप्पासाहेबांच्या व्याह्यांच्या शेंडीत अडकली. दिगंबरपंत उठले. "जावईबापू, तार गेली. घर तरी शाबूत ठेवा. तिथं आमची मुलगी पाठवायची होती." होती! एवढे बोलून जोडा चढवून ते चालते झाले.

मी मागे धावणार, तो हिंदुरावांनी माझे मनगट धरले. तुरा काढला नाही. तसेच उभे राहून गायले, तुणतुण्यावाचून, आणि हसायला आलेली माणसे माना खाली घालून बसली.

सन्मान आटोपल्यावर त्यांना हडपसरच्या वाटेला पोहोचवायला गेलो. बडबडत होतो की उद्याच सासवडास जाऊन सासऱ्याला असा सुनावतो की पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हातारा चालता चालता म्हणाला, "माझी सोजरबाई तुरेवाल्याच्या घरची. तिच्या बापानं नागपंचमीला नेली आन् डफ सोड म्हनला. म्या दारात जाऊन भांडलो. त्येला एक शबूद बोलू दिला न्हाई. भांडान जिकलो, पोरा, आन् एकलाच माघारी आलो. तवापासनं गातोय. लोक म्हंत्यात, काय आवाज हाय." ती तिकडेच वारली, निरोपही परक्याकडून आला. मी चाचरत म्हटले, तुरा तरी काढा आता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिच्या घरचा हाय."

अधिक लिहायला शाई आहे, मी नाही. लोभ असावा, निदान माझ्या वाटणीचा तरी.

पुरवणी: एवढे लिहिण्याचे कारण इतकेच. वडिलांची समजूत घालू नका. ते घरात नसताना वासंतीला एकदा विचारा, तुणतुणेवाल्याच्या घरी यायचे तुझ्या मनात आहे का? आजवर हे तिला कोणीच विचारले नाही. मीही नाही.

दुसरी पुरवणी: वरचे विचारू नका. सासवडचा जासूद अमावस्येनंतर निघणार, म्हणतो बायकोचा मजकूर असेल तर थांबला तरी शिळा होत नाही. तेव्हा हे पत्र मीच घेऊन येतो आहे आणि विचारायचे ते मीच विचारतो. पाठशाळेत जाणार नाही, तेही सांगेन. दिगंबरपंत बोलतील ते उभा राहून ऐकेन. उत्तर सुचेल, नक्की सुचेल, चांगलेच सुचेल, पण गिळेन. ती नाही म्हणाली तर पाणी पिऊन परत फिरेन. तेव्हा आपण वेशीपर्यंत सोबत या, एवढी मेहेरबानी करा.

दौतीला बूच लावले, पुन्हा काढले, ही ओळ उंबऱ्यावर एक पाय ठेवून, गुडघ्यावर कागद धरून लिहितो आहे. निघालो. दार ओढून घेतो.