खाटेखालचे खडक

१२ जानेवारी १९५६

आईनं लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून माझा संगमरवर ठेवला! बरणी उघडली तर आत फसफस. आई म्हणे, कुणाची तरी नजर लागली. मी समजावलं – हा मूळचा चुनखडक. जमिनीत खोल, उष्णतेनं नि दाबानं त्याचे कण नव्यानं घट्ट जुळले. रूप पालटलं, पण अंगातला चुना तोच. आंबट लागलं की फसफसणारच. आई म्हणाली, म्हणजे तुझ्या आत्येसारखा.

१४ जानेवारी

मुंबईत जिथंतिथं काळा बेसाल्ट – तो लाव्हाचा. रूपांतरित खडक हवे तर आमचं गाव, कणकवलीकडे. गेल्या मे महिन्यात बाबांनी ट्रंकभर दगड बोटीनं आणून दिले. हमालाला वाटलं, काजू.

कॉलेजच्या भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी आज सगळे गॅलरीत मांडले. पदर दिसणारे एकीकडे – स्लेट, शिस्ट, नाइस. न दिसणारे दुसरीकडे – संगमरवर, क्वार्ट्झाइट. शेजारचा लवू संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून आला, यातला सगळ्यात टणक कुठला म्हणाला. चाळीत पहिल्यांदाच कुणी काही विचारलं! क्वार्ट्झाइट दाखवला. मूळचा वालुकाश्म, वाळूचे कण असे जुळतात की फोडला तर कणच फुटतो – सगळं सांगितलं. फार मन लावून ऐकलं त्यानं.

१७ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला नाही. काल रेडिओवर सांगितलं. लालबाग पेटलंय. कर्फ्यू.

आणि माझे क्वार्ट्झाइट गायब. तिन्ही! शिस्टचे पापुद्रे जिन्यात पडलेले. लवूला गाठलं. खाली मान घालून म्हणाला, "अंबे, तो चकाकणारा हातातच सुटला गं. दुसरा बाकी फस्क्लास."

महाराष्ट्रासाठी दिलेस समज, म्हणतो. चळवळीला माझा विरोध नाही. पण रस्त्यावर बेसाल्टची खडी पडलीये, ती फेक ना.

१८ जानेवारी

पोलिसांनी चाळीची झडती घेतली. खाटेखालून ट्रंक ओढली. दगड! त्यावर पांढऱ्या रंगानं माझे नंबर. हवालदार म्हणाला, नंबर टाकून ठेवलेत, म्हणजे कट मोठा आहे. मी पुढं होणार तेवढ्यात बाबा उठले.

"दगड माजे आसत, साहेब."

बाबांना नेलं. ट्रंकही.

१९ जानेवारी

आई जेवली नाही. मीही.

२५ जानेवारी

गिरण्या सुरू झाल्या, बाबांचीही; बाबा अजून आत. आज मी चौकीवर गेले. फौजदार म्हणाला, दगडांचा कसला अभ्यास? मग मी ट्रंक उघडायला लावली नि एकेक दाखवलं. स्लेट – मूळचा चिखल, पदर पडलेला. आपली शाळेची पाटी. तोच आणखी तापला, दाबला गेला की शिस्ट. नाइसमध्ये काळेपांढरे पट्टे. फौजदार जांभया देत होता. शेवटी संगमरवर थोडा खरवडला, हवालदाराकडून लिंबू मागवलं आणि पिळलं.

फसफसला. हवालदार टेबलामागे. "साहेब, बॉम्ब!"

 बापाला सोडवायला आले नि बॉम्ब करून दाखवला! घाईघाईनं तेच लिंबू चौकीच्या काळ्या बेसाल्टच्या फरशीवर पिळलं. फरशी गप्प. मग भिंतीच्या चुन्यावर पिळलं – भिंतही फसफसली. फौजदारानं भिंतीला बोट लावून पाहिलं.

"वडिलांना घेऊन जा," म्हणाला. "आणि कृपा करून हे दगडही."

ट्रंक बाबांनी डोक्यावर घेतली. घराशी आल्यावर विचारलं, परीक्षा कधी?

६ एप्रिल

प्रॅक्टिकल झालं. पहिलाच नमुना क्वार्ट्झाइट. परीक्षकांनी विचारलं, संगमरवर नाही कशावरून? आम्ल टाकून दाखवलं – ढिम्म. काचेवर ओढला – चरा. टणकपणाचा आणखी काही पुरावा? आहे, पण पोलिसांकडे, असं अगदी ओठावर आलं होतं.

१८ जून

बी.एस्सी. झाले! दुसरा वर्ग. बाबांनी चाळभर पेढे वाटले. एम.एस्सी. करायचीच म्हणतात.

२२ जून

आईच्या तोंडून आज निसटलं. जानेवारीतल्या खाड्यांवरून गिरणीनं बाबांना तेव्हाच काढलंय. रोज डबा घेऊन निघतात ते माटुंग्याला, इमारतीच्या कामावर घमेली उचलायला. मला कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं.

दुपारी दादरच्या एका शाळेत जाऊन आले. सोमवारपासून शिकवायला या म्हणाले.

रात्री बाबांनी विचारलं, कॉलेज कधी सुरू?

सोमवारी, म्हटलं.