रुळावर न ओढलेली रेघ

सुनीताचे बाबा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही गेल्यापासून चार वर्षांत तुमच्यासाठी कधी कागद हाती घेतला नाही. काय लिहायचं? रेल्वेचं पत्र आलं की "तू मॅट्रिक हायेस, तूच वाच," म्हणून माझ्याकडे सरकवणारे तुम्ही! पण काल लेकीजवळ एक गोष्ट बोलून बसले. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती. म्हणून लिहिते.

आम्ही आता चंद्रपूरला खोली घेऊन राहतो. सुनीताचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. तिच्या सरांनी परवानगी काढून गाडीच्या इंजिनाला पुढून कॅमेरा लावला आणि आपल्या मूल-केळझरच्या जंगलातल्या लाइनचे हजारो फोटो काढले. त्यावरून कॉम्प्युटरला रूळ ओळखायला शिकवायचं आहे. पुढे कधी रुळावर झाड पडलं, जनावर उभं राहिलं, तर आधी कळावं. पण त्यासाठी रूळ कुठे आहे हे तर कळलं पाहिजे! मी म्हटलं, "त्यात काय शिकवायचं? एवढं लोखंड दिसत नाही का त्याला?"

"नाई दिसत वो आई. त्याले बैलगाडीची चाकोरीबी रूळच वाटून राह्यली."

म्हणून प्रत्येक फोटोत माणसाने रुळावर रेघ ओढून द्यायची. असे पुष्कळ दाखवले की मग ते आपलं आपण ओळखतं. तिला एकटीला उरकेना, तेव्हा दुपारची भांडी आटोपून मीही बसू लागले. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, "काय वो, चाबीवाल्याची बायको चाबीवालीन झाली का?"

खरं सांगू? बावीस वर्षं तुमचा डबा भरला, पण खांद्यावर हातोडी घेऊन तुम्ही रोज कुठून कुठे चालत होता, हे या दोन महिन्यांत पाहिलं. रूळ धरून ठेवणाऱ्या एका एका चावीवर घाव घालत, ढिली दिसली की ठोकत. केवढं ते जंगल! आणि घरी आल्यावर मी विचारायची काय, तर "तेल आणलं का?"

एका फोटोत सागाच्या पानांनी रूळ पार झाकला होता. मी सरळ रेघ ओढली आणि ती बरोबर निघाली. सुनीता चकित! तुम्हीच एकदा सांगितलं होतं, "पानाखाली गेला म्हणून रूळ वाट बदलत नाई. मांगून येते तसाच पुढं जाते."

मग बांबूच्या खिंडीतले फोटो आले. किलोमीटरचा दगड दिसला आणि माझा हात थांबला. तो आकडा मी कशी विसरणार? उन्हाने कोसळलात ते तिथेच; तुम्हाला तिथूनच उचलून आणलं होतं. मी पुढचा फोटो घेतला. मग त्याच्या पुढचा. ती खिंड संपेपर्यंत एकावरही रेघ ओढली नाही, आणि सुनीताला सांगितलं, झालं सगळं.

काल तिने मशीन चालवून पाहिलं. रुळावर हिरवी पट्टी धावू लागली तसे माझे हात आपोआप जोडले गेले. पण खिंड आली आणि पट्टी रूळ सोडून बांबूच्या सावलीवर चढली, तशीच वर डोंगरात गेली! पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. चार दिवसांवर रेल्वेच्या साहेबांना दाखवायचं आहे. पोरगी रडकुंडीला आली.

"इथंच काऊन भटकते हे? आई, हे फोटो तू केलेच नाई का वो?"

तिने फोटो मोठा केला, दगडावरचा आकडा वाचला आणि माझ्याकडे वळली.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी सोमवार होता. मे महिन्याचं ऊन, त्यात दिवसभर रूळ तपासायची ड्यूटी. तुम्ही सकाळी म्हणाला होता, "आज भाकर दे वो, ऊन लय हाय." आणि मी काय म्हटलं? "मार्कंडेश्वराला नवस बोलले आहे मी, सुनीताच्या बारावीच्या निकालासाठी, घरात सगळ्यांनी सोमवार धरायचा म्हणून. एक दिवस उपाशी राहिल्याने काय होतं?" तुम्ही वाद घातला नाही. चहा प्यालात, उन्हासाठी कांदा खिशात टाकला आणि निघालात. का नाही भांडलात हो? एरवी मीठ कमी पडलं तरी भांडायचात!

सुनीताने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, बाबा सोमवारी लाइनवरच्या गँगवाल्यायच्या डब्यातून खात होते. मले म्हणत, मायले सांगू नको, देवाले मी पाहून घेतो."

"त्या दिवशीही?"

"ते मले मालूम नाई."

खरं का हो हे? चोरून खात होतात? की लेकीने माझं मन राखलं? खाल्लं असेल तर मी रागावणार नाही. त्या दिवशी दोन घास पोटात गेले होते, एवढं कुणी सांगितलं असतं तर!

"सरक," मी म्हटलं, "मी ओढते."

ती म्हणाली मी करते, पण मी उठले नाही. ज्या फोटोत तुमची जागा होती तिथे रेघ वाकडी गेली. पुसली. पुन्हा ओढली. आज सकाळी सुनीताने ते फोटो घालून मशीन पुन्हा शिकवलं आणि चालवलं. बांबूच्या सावल्या आडव्या पडल्या होत्या, पण हिरवी पट्टी त्यांच्यातून सरळ गेली. पोरीने मला मिठी मारली. मला मात्र त्या दोन रुळांच्या कडेची खडी दिसत होती, तिच्यावर कुणीच नव्हतं.

शिवरात्रीला मार्कंड्याला जाईन. देवापुढे कबूल करीन की नवस माझा होता, पोट तुमचं होतं. इथून पुढे माझा उपास मी एकटी करीन, सुनीताच्या गळ्यात घालणार नाही. मार्कंड्याची वाट मूलवरूनच आहे. आजवर गाडीने तिकडे जाताना खिंड आली की मी पदराने डोळे झाकून घ्यायची. या खेपेला खिडकीशी बसेन आणि ती सरेपर्यंत पाहत राहीन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
सुमन