चौसष्ट कोर आणि लाभपाचम

२८ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाच्या नोंदी असाव्यात. आमचे शेठ धनसुखभाई म्हणाले, दिवाळीनंतर बाजार उघडतो त्या लाभपाचमीला ऑपरेशन्स हेडचं नाव जाहीर करतो. माझ्याकडे बघून म्हणाले. शेजारी माझ्याच हुद्द्याची फाल्गुनीबेन बसली होती, पण नजर कुणावर होती एवढं कळतं मला.

२९ ऑक्टोबर
अडचण आहे. वेबसाइटसाठी 'डेडिकेटेड', म्हणजे फक्त स्वतःचं मशीन मागणारे आठ नवे ग्राहक रांगेत. आमच्या मोठ्या सर्व्हरला चौसष्ट कोर, म्हणजे चौसष्ट डोकी. जुन्या आठ ग्राहकांना प्रत्येकी आठ, करारात लिहून दिलेले: हे फक्त तुमचे, दुसरं कोणी हात लावणार नाही. संपले चौसष्ट. नवा सर्व्हर डिसेंबरशिवाय येत नाही. तोवर कोण निभावून नेईल, असं शेठनी विचारलं. मी हात वर केला. फाल्गुनीबेन म्हणाली, जे नाहीच ते वाटायचं कसं? या बाईला दृष्टी नाही.

३० ऑक्टोबर
रांगेत पहिलं नाव माझ्या सासऱ्यांचं. जयवदनभाई, सुरतच्या रिंग रोडला साड्यांचं दुकान. जुन्या स्वस्त कंपनीतून केवळ माझ्या शब्दावर इकडे येतायत. सगळ्या मार्केटात सांगून झालंय, जमाईने माझ्यासाठी मशीन वेगळं काढलंय. आता माघार नाही.

३१ ऑक्टोबर
दिवाळी. ऑफिस बंद. मिठाईत घारी, चार.

२ नोव्हेंबर
साल मुबारक. नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे पाचला उठणे, अंदाजावर नव्हे, आकड्यांवर चालणे, घारी बंद. सव्वादहाला उठलो. घारी तीन.

३ नोव्हेंबर, दुपार
आकड्यांना सुरुवात. घरून सर्व्हर तपासला. जुन्या आठांचा वापर दोन टक्के! चौसष्ट कोर डाराडूर झोपलेत आणि लोक मला सांगतायत, जागा नाही.

४ नोव्हेंबर
आजही दोन टक्के. एकदा तीन झाले, ते मीच उघडून बघत होतो म्हणून. दोन दिवस सलग मोजलं, याला शास्त्र म्हणतात. तेच कोर नव्या आठांनाही नेमून दिले. लूमवाले कामगार एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपतात की. फाल्गुनीबेन सुट्टीला नवसारीला गेलीय, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पिनाकिनभाई, अख्खं सुरत बंद आहे. आज मोजायला गेलात तर रस्त्यावरचे सिग्नलही जास्तीचे वाटतील." जळते. दुसरं काय.

५ नोव्हेंबर
नव्या ग्राहकांचे फॉर्म वाचले. 'कधी सुरू करायचं' या रकान्यात आठही जणांनी लिहिलंय: लाभपाचम, सकाळी ९.२१. मुहूर्त बघून काम करणारी माणसं. असे ग्राहक टिकतात. सासऱ्यांनी पहिल्या तासासाठी साडीवर साडी फुकट ठेवलीय. त्यांना म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा. भाषण लिहिलं, दोन पानी.

६ नोव्हेंबर, लाभपाचम, ९.०५
ऑफिसात पूजा. नवा शर्ट. भाषण खिशात.

९.२१
शेठनी नारळ फोडला. एका फटक्यात.

९.२४
स्क्रीन लाल. जुन्या आठांनीही दुकानं आजच आणि याच मिनिटाला उघडली. हे मला कुणी आधी सांगायला नको?

९.४०
सोळाच्या सोळा साइट बंद. सगळे फोन एकदम वाजतायत. फाल्गुनीबेन चप्पलही न घालता पूजेतून उठून कामाला बसली. कुणीतरी प्रसाद वाटायला हवा होता. मी वाटला.

दुपार
तिने जुन्यांचे कोर जुन्यांना परत देऊन त्यांना उभं केलं. नवे आठ थांबवले. सासऱ्यांचा मुहूर्त गेला. शेठ ओरडले नाहीत. शांतपणे एवढंच विचारलं, "पिनाकिन, तू जन्मलास सुरतमध्येच ना?" प्रश्न वैयक्तिक होता.

७ नोव्हेंबर
सासऱ्यांचा फोन नाही. आमच्यात जमाईला टाकून बोलायची रीत नाही. बायको माहेरून ऐकून आली. मार्केटात लोक हसले तेव्हा ते म्हणाले, "जमाईचं मशीन चोख आहे. मीच म्हातारा, चुकीचं बटण दाबलं." हे ऐकल्यापासून जेवण जात नाही. लाज वाटते. त्यांनी चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी जाऊन खरं काय ते सांगणार.

रात्री
गेलो. त्यांनी चहा पाजला, हवापाण्याचं बोलले. आज दमलेले दिसले. पुन्हा केव्हातरी सांगेन.

८ नोव्हेंबर
फाल्गुनीबेन ऑपरेशन्स हेड. कोरडं, तांत्रिक काम आहे. माझा पिंड माणसांत रमणारा. शेठनीही ते ओळखलं असावं, कारण सोमवारपासून मला तक्रारींच्या फोनवर बसवलंय. बायकोला सांगितलं, ग्राहक संपर्काची सगळी जबाबदारी माझ्यावर आलीय. तिने विचारलं, पगार? विषय बदलला.

११ नोव्हेंबर, सोमवार, १०.०२
पहिला फोन सासऱ्यांचा. आवाजावरून मला ओळखलं.

"अरे, पिनाकिनकुमार तुम्ही? बरं झालं, घरचंच माणूस भेटलं," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका हं. मला जुन्या कंपनीकडे परत जायचंय. त्याचा फॉर्म तुमच्याकडेच मिळतो ना?"

मिळतो. त्यांना इंग्रजी जमत नाही, म्हणून मीच भरून दिला.